अर्धशिशी : बहाणा नव्हे, दुखणं

लोहगडवाडीसारख्या गडाच्या पायथ्याच्या गावात तेरा वर्षांची मुलगी दुपारी डोकं धरून घरी आली, की आजी सुंठ उगाळून तिच्या कपाळाला लेप लावते. ‘ऊन लागलं असेल,’ म्हणते. घरातलं कुणीतरी ‘अभ्यास चुकवायचा बहाणा’ असंही म्हणून जातं. हीच मुलगी दोन वर्षांपूर्वी विसापूरची चढण हसत चढत होती. मग मधल्या काळात बदललं काय?

या दुखण्याला आपल्याकडे जुनं नाव आहे. अर्धं डोकं दुखतं म्हणून अर्धशिशी. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत त्याला ‘अर्धावभेदक’ म्हटलं आहे. सूर्य चढेल तसं वाढणारं आणि कलेल तसं उतरणारं ‘सूर्यावर्त’ही तिथे आहे. ग्रीकांनीही अर्ध्या कवटीवरूनच नाव ठेवलं आणि त्याचंच पुढे ‘मायग्रेन’ झालं. आजीचा उन्हावरचा संशयही अगदी खोटा नाही. प्रखर उजेड, उपास आणि जागरण यांनी अर्धशिशी उठते.

पाळीच्या दिवसांत डोकं उठतं, हे बायकांना अनुभवानं ठाऊक होतं. पण त्याचं कारण सांगायला शास्त्राकडे शब्दच नव्हता. ‘हार्मोन’ हा शब्द लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये वापरला. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. 1929 मध्ये इस्ट्रोजेन गटातलं पहिलं संप्रेरक शुद्ध रूपात हाती आलं. 1962 मध्ये स्वीडनमधल्या बो बिले यांनी उप्साला इथल्या सुमारे नऊ हजार शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि अर्धशिशी मुलांनाही होते, हे ठामपणे पुढे आलं.

खरा उलगडा झाला तो ऑस्ट्रेलियातल्या ब्रायन सॉमरविल यांच्या प्रयोगांतून. पाळीच्या वेळी अर्धशिशी होणाऱ्या मोजक्या स्त्रियांना त्यांनी पाळीआधी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं. पाळी वेळेवर आली, डोकेदुखी मात्र लांबली. प्रोजेस्टेरॉन दिल्यावर उलट झालं. पाळी लांबली, पण डोकं ठरल्या वेळी दुखलं. 1972 च्या सुमाराची ही गोष्ट. त्यावरून कळलं, की दुखण्याचं मूळ रक्तस्रावात नसून इस्ट्रोजेनच्या अचानक घसरणीत आहे. ही घसरण झाली, की डोक्यातल्या वेदना वाहून नेणाऱ्या नसा अधिक हळव्या होतात.

म्हणूनच वयात येण्याआधी मुलगे आणि मुली यांच्यात अर्धशिशीचं प्रमाण जवळपास सारखं असतं. पुढे मुलींमध्ये ते वाढत जातं आणि प्रौढपणी बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटी-तिपटीवर पोचतं. मुलग्यांनाही अर्धशिशी होते, हे मात्र विसरू नये. घराण्यात हे दुखणं असेल, तर मुलांनाही होण्याची शक्यता वाढते.

मग घरानं काय करावं? भिंतीवरच्या कालनिर्णयावर डोकं दुखल्याची आणि पाळीची तारीख लिहून ठेवावी. दोन-तीन महिन्यांत मेळ दिसतो आणि डॉक्टरांनाही तो उपयोगी पडतो. सकाळची न्याहारी चुकवू नये, पाणी आणि झोप पुरेशी असावी. वेदनाशामक गोळ्या मनानं वारंवार घेऊ नयेत, त्यांनीच डोकेदुखी वाढते. एकाएकी उठलेली असह्य वेदना, तापासोबत ताठलेली मान, हातापायातली कमजोरी किंवा अंधूक झालेली नजर असेल, तर तडक दवाखाना गाठावा.

आजीनं लेप जरूर लावावा. फक्त ‘बहाणा’ हा शब्द त्या घरातून जावा.