एक बीजक, दोन वह्या : सामरवरणीच्या कारखान्यापासून क्लाउडपर्यंतचा हिशेब

दादरा आणि नगर हवेलीतील सामरवरणी हे सिल्वासा शहराला लागून असलेले गाव. २०११ च्या जनगणनेत त्याची नोंद शहर म्हणून झाली. या पट्ट्यातील कारखान्यांतून निघणारा माल काही किलोमीटरांतच गुजरातच्या हद्दीत शिरतो, तेथून मुंबईकडे आणि पुढे गोव्याकडेही येतो. वेर्णा, कुंडई वा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदार सामरवरणीहून कच्चा माल मागवतो, तेव्हा त्याला मालाइतकीच काळजी बीजकाची करावी लागते. विक्रेत्याच्या संगणकातील नोंद सरकारी पोर्टलपर्यंत नीट पोहोचली नाही, तर वाटेत ट्रक अडू शकतो आणि भरलेल्या कराची वजावटही अडकू शकते. कारखान्यातील स्वतःची संगणकव्यवस्था आणि बाहेरची क्लाउडसेवा यांची जोडणी हा विषय म्हणूनच संगणकतज्ज्ञांपुरता उरलेला नाही.

दोन व्यवस्था, दोन स्वभाव

मध्यम आकाराच्या कारखान्यात माहिती सहसा अनेक ठिकाणी साठते. वजनकाट्यावरचे वजन, गोदामातील साठा, फाटकावरील आवकजावक आणि हिशेबनिसाच्या संगणकातील टॅली किंवा एखादी ईआरपी प्रणाली या सर्व घरच्या व्यवस्था. त्या कारखान्यातील सर्व्हरवर चालतात, आंतरजाल बंद पडले तरी थांबत नाहीत आणि त्यांतील नोंदींची भाषा कारखान्याने स्वतः घडवलेली असते.

क्लाउड म्हणजे दूरच्या संगणककेंद्रात चालणारी, आंतरजालावरून वापरावयाची सेवा. ग्राहकाची मागणी नोंदवणारी प्रणाली, वेतनपत्रक, बँकेची सेवा ही त्याची परिचित रूपे. कारखान्याच्या दृष्टीने सरकारची ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल पोर्टलेही याच जातीची. येथे भाषा दुसऱ्याने ठरवलेली असते. कोणता रकाना सक्तीचा, कोणते चिन्ह वर्ज्य, कोणते एकक मान्य हे नियम सेवा चालवणारा लिहितो आणि तोच बदलतो. दोन्ही बाजूंची माहिती अर्थ न बदलता एकमेकींकडे पोहोचवणे म्हणजे एकात्मीकरण, किंवा सोप्या शब्दांत जोडणी.

कायद्याने घातलेला सांधा

ही जोडणी पूर्वी ऐच्छिक होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल आवश्यक झाले. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना ई-इनव्हॉइस बंधनकारक करण्यात आले. त्यानंतर ही मर्यादा १ जानेवारी २०२१ रोजी १०० कोटी, १ एप्रिल २०२१ रोजी ५० कोटी, १ एप्रिल २०२२ रोजी २० कोटी, १ ऑक्टोबर २०२२ रोजी १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटी रुपयांपर्यंत खाली आली.

ही उलाढाल पॅननिहाय, संपूर्ण देशातील मोजली जाते. एकाच कंपनीचा एक कारखाना सामरवरणीत आणि दुसरा वेर्ण्यात असेल, तर दोहोंची बेरीज धरली जाते. इतकेच नव्हे, या दोन कारखान्यांची नोंदणी वेगळी असल्याने एकीकडून दुसरीकडे पाठवलेल्या मालालाही करपात्र बीजक लागते.

बीजकाचा प्रवास

उदाहरणादाखल सामरवरणीतील धाग्याच्या कारखान्याने वेर्ण्यातील ग्राहकाला माल पाठवला, असे समजावे. घरच्या प्रणालीत बीजक तयार होते. त्यातील माहिती ठरलेल्या साच्यात, जेसन या मजकुरी स्वरूपात, नोंदणी पोर्टलकडे जाते. पोर्टल रकाने तपासते आणि विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार व दस्तऐवजाचा क्रमांक या चार गोष्टींपासून ६४ चिन्हांचा एक संदर्भ क्रमांक काढते. यालाच आयआरएन म्हणतात. पोर्टलची अंकीय स्वाक्षरी असलेले उत्तर आणि क्यूआर कोड परत येतो. तो घरच्या प्रणालीत उतरवून बीजकावर छापल्यावरच ते बीजक पूर्ण होते. ज्याला हा नियम लागू आहे त्याने आयआरएनविना दिलेले बीजक कायद्याच्या दृष्टीने बीजकच ठरत नाही.

मालाचे मूल्य ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर ई-वे बिलही लागते. त्याची मुदत अंतरावर ठरते. साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस असा हिशेब आहे. ७२० किलोमीटरच्या प्रवासाला चार दिवस मिळतात. कागदपत्रांत दोष आढळून माल अडवला गेला आणि मालक पुढे आला, तर करपात्र मालाबाबत देय कराच्या २०० टक्के दंड भरून तो सोडवावा लागू शकतो.

ग्राहकाची जोखीम वेगळी आहे. १ जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने कळवलेले बीजक ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी या विवरणात दिसल्याशिवाय त्याला कराची वजावट घेता येत नाही. सामरवरणीतील संगणकाची चूक अशा प्रकारे वेर्ण्यातील खेळत्या भांडवलाला जाऊन भिडते.

माहिती नेण्याच्या चार वाटा

पहिली वाट हाताने पुन्हा टंकन करण्याची. दिवसाला चारपाच बीजके असतील तर ती चालते, परंतु प्रत्येक टंकनात चुकीला नवी संधी मिळते. दुसरी वाट फाइलची. घरच्या प्रणालीतून यादी काढून ती पोर्टलवर एकगठ्ठा चढवली जाते आणि उत्तराची फाइल परत आणली जाते. ही वाट स्वस्त आहे, पण उत्तर घरच्या वहीत उतरवण्याचे काम अर्धवट राहण्याचा धोका तिच्यात असतो.

तिसरी वाट एपीआयची. एपीआय म्हणजे एका प्रणालीने दुसरीशी थेट बोलण्याचा ठरवून दिलेला दरवाजा. बीजक जतन होताच माहिती जाते आणि काही क्षणांत उत्तर येते. चौथ्या वाटेत जीएसटी सुविधा पुरवठादारासारखा मध्यस्थ हाच दरवाजा सांभाळतो. साचा बदलला तर दुरुस्ती तो करतो, मात्र कारखान्याची माहिती त्याच्या हातून जाते. बीजकांची संख्या, दुरुस्तीसाठी उपलब्ध माणूस आणि विश्वास या तीन गोष्टींवर निवड करावी लागते.

२५ आणि २६ : एका विलीनीकरणाचा धडा

जोडणीत खरी अडचण कोठे येते, याचे उत्तम उदाहरण याच प्रदेशात घडले. गोवा, दमण आणि दीव हा १९८७ पर्यंत एकच केंद्रशासित प्रदेश होता. त्या वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाले आणि दमण व दीव वेगळे राहिले. जीएसटीत गोव्याला ३०, दमण व दीवला २५, तर दादरा आणि नगर हवेलीला २६ हा संकेतांक मिळाला. २६ जानेवारी २०२० रोजी दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली यांचे विलीनीकरण झाले आणि संपूर्ण प्रदेशासाठी २६ हा संकेतांक राहिला. करदात्यांना बदलासाठी मिळालेली मुदत पुढे ३१ जुलै २०२० पर्यंत वाढवण्यात आली.

वरवर पाहता हे काम २५ पुसून २६ लिहिण्याचे. प्रत्यक्षात तसे नव्हते. जीएसटी क्रमांकात १५ चिन्हे असतात. पहिली दोन राज्याची, पुढची दहा पॅनची आणि शेवटचे चिन्ह आधीच्या सर्वांवरून काढलेले तपासचिन्ह. पहिले दोन अंक बदलले की अखेरचे चिन्हही बदलते. ग्राहकयादीत सरसकट अदलाबदल केली तर मिळणारा क्रमांक खोटा ठरतो. शिवाय जुन्या बीजकांवर २५ च राहिला पाहिजे, कारण तो त्या काळचा खरा क्रमांक आहे.

करही बदलला. पूर्वी सामरवरणीहून दमणला माल जाणे हा आंतरराज्य व्यवहार होता आणि त्यावर एकात्मिक जीएसटी लागत असे. विलीनीकरणानंतर तोच व्यवहार प्रदेशांतर्गत झाला आणि त्यावर केंद्रीय जीएसटी व केंद्रशासित प्रदेश जीएसटी लागू झाला. ट्रक मात्र पूर्वीसारखाच गुजरातच्या भूमीवरून जात राहिला, कारण हे दोन्ही जिल्हे एकमेकांना लागून नाहीत. रस्त्यावरून कर ठरवणारी, किंवा ग्राहकाचा क्रमांक कोणत्या तारखेपासून लागू हे न जाणणारी प्रणाली येथे हमखास चुकते. चुकीच्या प्रकारचा कर भरला गेला, तर योग्य कर पुन्हा भरून आधीचा परत मागावा लागतो.

३९६ चा पेच

पिनकोडचाही असाच पेच आहे. सिल्वासाचा पिन ३९६२३०, दमणचा ३९६२१० आणि गुजरातमधील वापीचा ३९६१९१. तिन्हींचे पहिले तीन अंक एकच. दीवचा पिन मात्र ३६२५२०, म्हणजे सौराष्ट्राच्या मालिकेतला. पहिल्या तीन अंकांवरून राज्य ओळखण्याची युक्ती ज्या प्रणालीत बसवलेली असते, ती सामरवरणीच्या ग्राहकाला गुजराती ठरवू शकते. गोव्याचे पिन ४०३ ने सुरू होतात आणि मुंबईचे ४०० ने. दोनच अंक पाहिले तर येथेही हाच घोळ होतो. पोर्टल पिन आणि राज्य यांचा मेळ तपासते आणि विसंगती दिसल्यास बीजक परत पाठवते.

एककांचेही तसेच आहे. गोदामात धागा पेटीवर मोजला जातो, बीजकावर तो किलोत येतो, आणि पोर्टलला ‘केजीएस’ हाच संकेत समजतो. बीजकाचा क्रमांक १६ चिन्हांच्या आत हवा. त्याची सुरुवात शून्याने, तिरप्या रेघेने किंवा आडव्या रेघेने झालेली पोर्टलला चालत नाही. १ जून २०२५ पासून क्रमांकातील लहान आणि मोठी रोमन अक्षरे एकच मानली जातात. घरच्या प्रणालीत वेगळी असलेली दोन बीजके पोर्टलच्या लेखी त्यामुळे एक ठरू शकतात.

अर्धवट तुटलेला निरोप

समजा, संध्याकाळी ट्रक फाटकापाशी उभा आहे. बीजक पोर्टलकडे गेले आणि उत्तर येण्यापूर्वीच आंतरजाल तुटले. आयआरएन तयार झाला की नाही, हे घरच्या प्रणालीला ठाऊक नाही. अशा वेळी घाईने नव्या क्रमांकाचे दुसरे बीजक काढले, तर एकाच मालाची दोन बीजके नोंदली जातात आणि कर दुप्पट दिसतो. योग्य रीत अशी की, आधी त्याच दस्तऐवज क्रमांकाने पोर्टलला विचारावे. नोंद झालेली असेल तर ती उतरवून घ्यावी, नसेल तर तेच बीजक पुन्हा पाठवावे. चुकून दोनदा पाठवले गेले तरी पोर्टल दुसरी नोंद नाकारते.

नोंदलेला आयआरएन दुरुस्त करता येत नाही. तो २४ तासांच्या आत रद्द करता येतो, पण त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावे लागते. रद्द केलेल्या बीजकाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले तर जमापत्राची वाट धरावी लागते. उशिरालाही मर्यादा आहे. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी वा अधिक उलाढालीच्या व्यवसायांना बीजकाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंदणी करणे भाग आहे. त्यानंतर पोर्टल ते स्वीकारत नाही.

ताळमेळ आणि जतन

रोज दिवसअखेर तीन आकडे जुळवणे हा जोडणीचा सर्वांत स्वस्त विमा आहे : घरच्या वहीतील बीजकांची संख्या, पोर्टलवरील आयआरएनची संख्या आणि दोन्हीकडील एकूण रक्कम. फरक त्याच दिवशी सापडला तर रद्द करण्याची मुदत हाती असते. महिनाअखेर सापडला तर नसते.

पोर्टलवर नोंद आहे म्हणून घरची प्रत अनावश्यक ठरत नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यामुळे स्वाक्षरी केलेले मूळ उत्तर स्वतःच्या सर्व्हरवर साठवणे इष्ट. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराचा माग ठेवणारे हिशेबी सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. हिशेब संगणकावर असल्यास त्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे, हेही २०२२ च्या दुरुस्तीने आवश्यक झाले. क्लाउडसेवा विकत घेताना माहिती कोठे राहते आणि करार संपल्यावर ती कोणत्या स्वरूपात परत मिळते, हे दोन प्रश्न म्हणूनच लेखी विचारावयाचे असतात.

जोडणीपूर्वी ठरवावयाचे

वरील बहुतेक चुकांचे मूळ एकच. दोन ठिकाणी असलेल्या एकाच माहितीचा धनी कोण, हे ठरलेले नसते. ग्राहकाचा पत्ता विक्री विभाग बदलतो, हिशेबनीसही बदलतो, आणि दोन्ही खरे मानले जातात. म्हणून सॉफ्टवेअर घेण्याआधी एक साधा तक्ता करावा. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक, पत्ता व पिन, वस्तूचा एचएसएन संकेत, एकक, दर आणि बीजक क्रमांक यांपैकी प्रत्येकाची मूळ नोंद कोठे, ती बदलण्याचा अधिकार कोणाला आणि बदल केव्हापासून लागू, एवढे त्यात असावे. आयआरएन आणि त्याची तारीख यांचा धनी पोर्टल. घरच्या माणसाने त्या हाताने लिहू नयेत.

त्यानंतर जुनी यादी स्वच्छ करावी, थोड्या ग्राहकांपासून प्रारंभ करावा आणि किमान एक महिना जुनी पद्धत सोबत चालू ठेवावी. पोर्टलमध्ये शिरण्यासाठी १ एप्रिल २०२५ पासून सर्वांना पासवर्डखेरीज मोबाइलवरील एकवेळचा संकेतही लागतो. तो एकाच कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर येत असेल आणि तो रजेवर गेला, तर ट्रक फाटकातच थांबतो. त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र प्रवेश द्यावा आणि आंतरजाल नसताना काय करावयाचे, हे एका पानावर लिहून हिशेबनिसाच्या मेजाशी लावावे. सलग महिनाभर दिवसअखेरचा फरक शून्य आला आणि ते पान एकदा प्रत्यक्ष वापरून पाहिले गेले की मगच जुनी पद्धत बंद करावी.