एका सांध्याचा इतिहास

आमची जुनी मारुती 800 वळणावर टक-टक करू लागली, तेव्हा मी ती शाळेच्या वाटेवरच्या गॅरेजात नेली. चाचांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवून मला मैदानात एक गोल चक्कर मारायला लावली, कान दिला आणि म्हणाले, "बेटा, बूट फट गया, जॉइंट बोल रहा है." हाताखालचा मुलगा माझ्याच शाळेतला. आठवीनंतर आलाच नाही. त्याने खाली मान घालून मला सलाम केला आणि चाकाच्या आतल्या बाजूला उडालेले काळे ग्रीस बोटाने दाखवले.

बूट म्हणजे एक्सलच्या सांध्यावर चढवलेली घड्यांची रबरी पिशवी. आत ग्रीस असते. पिशवी फाटली की फिरत्या एक्सलबरोबर ग्रीस बाहेर फेकले जाते, आत धूळ आणि पाणी शिरते आणि पोलाद पोलादाला खाऊ लागते. दोष रबराचा आणि शिक्षा सांध्याला. पण हा सांधा आला कुठून, याचा शोध घेताना मी गॅरेजातून थेट बगदादला जाऊन पोहोचले.

युरोपात अशा सांध्याला कार्डनचे नाव लावतात. जेरोलामो कार्डानो (1501–1576) हा मिलानचा वैद्य आणि गणिती. एकात एक कड्या बसवून वस्तू कशीही हलली तरी समतोल ठेवण्याची युक्ती त्याने 1550 च्या आपल्या ग्रंथात वर्णिली. ती आपण शोधली असे तो म्हणत नाही. युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या फिलोन या ग्रीकाच्या ग्रंथात आठ बाजूंची एक दौत आहे. कोणत्याही अंगावर ठेवा, शाई सांडत नाही. हा ग्रंथ आज मुख्यतः अरबी अनुवादामुळे हाती आहे. (दौतीचा भाग कोणी अरबी लेखकाने नंतर घातला असावा, अशी शंका काही अभ्यासक घेतात. तसे असेल तर आपल्याला वाईट वाटण्याचे कारण नाही!)

याच कार्डानोने 1545 साली बीजगणितावरचा आपला मोठा ग्रंथ काढला. त्याच्या आरंभीच त्याने कबूल केले की ही विद्या अरब मूसाचा पुत्र मुहंमद याच्यापासून सुरू झाली. म्हणजे नवव्या शतकात बगदादेत 'अल-जब्र' लिहिणारे मुहंमद बिन मूसा अल-ख्वारिज्मी. उर्दू शाळेत आम्ही आजही बीजगणिताला 'अलजब्रा'च म्हणतो. 'जब्र' या शब्दाचा एक अर्थ मोडलेले हाड पुन्हा बसवणे. स्पेनमध्ये हाडवैद्याला कित्येक शतके 'अल्जेब्रिस्ता' म्हणत. सांधा बसवणाऱ्याचे आणि समीकरण सोडवणाऱ्याचे नाव एकाच मुळातून निघाले आहे, हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

फिरती शक्ती वाकड्या वाटेने नेणाऱ्या सांध्याचे वर्णन इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने 1676 साली छापले. तेच तत्त्व पुढे मोटारीच्या प्रोपेलर शाफ्टला लागले. माझे अब्बा अॅम्बेसेडर टॅक्सी चालवत. इंजिन पुढे, ओढणारी चाके मागे, मध्ये लांब शाफ्ट आणि त्याच्या दोन्ही टोकांना 'क्रॉस'. रिव्हर्स टाकताना 'टण्ण' वाजले की अब्बा म्हणत, क्रॉस गेला. सर्क्लिप काढायची, हातोडीने चार वाट्या ठोकून बाहेर काढायच्या, नवा क्रॉस बसवायचा. अकरा-बारा वर्षांचा शागिर्दसुद्धा ते पाहून पाहून शिकत असे.

पण या सांध्यात एक उणीव आहे. कोनात वाकला की तो एकसारखा फिरत नाही. 30 अंशांच्या कोनात एका फेरीत दोनदा तो सुमारे 13 टक्के मंदावतो आणि दोनदा सुमारे 15 टक्के वेग धरतो. दहावीच्या मुलाने 30 अंशांची कोज्या, म्हणजे 0.866, मांडली की हे सिद्ध होते. मागच्या चाकांना ते चालून जाते, कारण तिथे कोन लहान असतो आणि दोन क्रॉस एकमेकांची चूक मिटवतात. पुढची चाके मात्र वळतातही आणि ओढतातही. तिथे हा सांधा स्टिअरिंगला हिसके देतो.

उत्तर 1926 च्या सुमारास दोन ठिकाणी मिळाले. फ्रान्समध्ये फेनाय आणि ग्रेगवार यांनी 'ट्रॅक्टा' सांधा काढला. अमेरिकेत फोर्डचा इंजिनिअर आल्फ्रेड झेप्पा याने गोळ्यांचा सांधा केला. सहा पोलादी गोळ्या खाचांतून फिरतात आणि त्यांना धरणारा पिंजरा सदैव कोनाच्या अगदी मध्यावर राहतो. म्हणून जितके आत, तितकेच बाहेर. दुसऱ्या महायुद्धात जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये असेच सांधे होते. (जीप आपल्याकडे आणणाऱ्या कंपनीचे 1945 मधले नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलले. हाही एक निखळलेला सांधाच.) 1959 च्या 'मिनी'ने गोळ्यांचा सांधा घरोघरच्या गाडीत नेला. तिचा कर्ता अॅलेक इसिगोनिस उस्मानी साम्राज्यातल्या इझमिरचा. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हा सांधा आपल्या मोहल्ल्यांतल्या गॅरेजांतही येऊन पोहोचला.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात वाहनदुरुस्तीच्या धंद्यात मुसलमानांचे प्रमाण अधिक असल्याची नोंद आहे. पण आपल्या मोहल्ल्यांत गॅरेजाला नेहमी शाळा सुटलेल्यांची जागा मानले गेले. तिथेही एक शाळा होती, हे आम्ही शिक्षकांनी कधी लिहून ठेवले नाही. जुने उस्ताद खाचा एका बाजूने झिजल्या की डाव्या-उजव्या चाकाचे सांधे अदलाबदल करून बसवत, कारण पुढे चालताना भार खाचेच्या एकाच कडेवर येतो. हा भूमितीचा धडा कोणत्या पुस्तकात नव्हता. आता अख्खा एक्सल खोक्यात येतो. जुना काढायचा, नवा घालायचा. सहा गोळ्या हातात न घेताच मुलगा मिस्त्री होतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही हाच सांधा आहे, म्हणजे काम संपणार नाही. शिकणे मात्र संपत चालले आहे.

चाचांनी खोके मागवले नाही. त्यांनी चाक उतरवले, हबचा नट सोडला, एक्सल बाहेर ओढला. सांधा घासलेटात धुतला, पिंजरा तिरका करून एकेक गोळी काढली आणि मुलाला खाचांवरून नख फिरवायला सांगितले. नख कुठे अडकले नाही. म्हणजे टक-टक सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. नवे काळे ग्रीस, नवा बूट, दोन क्लिपा.

मी मुलाला विचारले, "गोळ्या किती?"

"सहा, टीचर."

"मग दोन शेजारच्या गोळ्यांमध्ये कोन किती?"

त्याने ग्रीसच्या बोटाने जमिनीवर एक वर्तुळ काढले.