उगमाकडे उलटा प्रवास

समजा, कुणी पंचगंगेचा उगम शोधायला नृसिंहवाडीहून निघालं. वाटेत कोल्हापूरचा घाट लागला, मग प्रयाग चिखलीचा संगम, आणि तिथून भोगावतीच्या काठाने राधानगरीचे डोंगर. हृदयातल्या विजेची वाट माणसाला अशीच सापडली. शेवट आधी, उगम सगळ्यात शेवटी.

१८३९ साली पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञांना मेंढीच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यांत आतून जाळीसारखे धागे दिसले. ते कशाला आहेत हे काही त्यांना उमगलं नाही. १८९३ मध्ये हिस यांना वरच्या-खालच्या कप्प्यांना जोडणारा जुडगा सापडला. मग जर्मनीत मारबुर्गला शिकायला आलेल्या सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरांनी १९०६ मध्ये त्या जुडग्याच्या तोंडाशी एक गाठ दाखवली, आणि पुर्किन्येंचे धागे याच वाटेचं शेवटचं टोक आहेत हेही. (६७ वर्षं लागली बरं का!)

उगम सापडला तो कीथ आणि फ्लॅक यांना. फ्लॅक तर तेव्हा विद्यार्थीच होता. मोल नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या हृदयात, उजव्या वरच्या कप्प्यात, त्यांना पेशींचा एक पुंजका दिसला. १९०७ मध्ये त्यांनी ते छापलं. या पेशींत विद्युतभारित कण हळूहळू झिरपत राहतात, एका पातळीला पोचले की ठिणगी पडते, की पुन्हा झिरपणं सुरू. मेंदूच्या नसा फक्त वेग कमीजास्त करतात. म्हणून तर नसा तोडलेलं हृदय दुसऱ्याच्या छातीतही धडधडू शकतं. भारतातलं पहिलं हृदयरोपण डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ साली मुंबईच्या केईएममध्ये केलं. रुग्ण मात्र जेमतेम तीन तास जगला.

आता आमच्या मामांबद्दल, कारण फोनवर सगळ्यांना वेगवेगळं सांगून दमलेय. त्यांना 'हार्ट ब्लॉक' झाला म्हणजे रक्ताची नळी चोंदलेली नाही, तेव्हा अँजिओप्लास्टी का नाही केली हे कृपया विचारू नका! उगम ठीक आहे, पण निरोप मधल्या वाटेवर अडतो. मग खालचे कप्पे आपल्याच संथ चालीने चालतात आणि चक्कर येते. म्हणून पेसमेकर.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ सालचा, स्टॉकहोममधला. तो काही तासांतच बंद पडला आणि दुसरा बसवावा लागला. रुग्ण होते आर्ने लार्सन. ते २००१ साली, ८६व्या वर्षी गेले, तोवर त्यांचे २६ पेसमेकर वापरून झाले होते.