आठ तासांचं कोची

बंदराला लागलेल्या जहाजावरचा प्रवासी आणि मधल्या सुट्टीतला बँकेचा कारकून यांच्यात फारसा फरक नसतो. दोघांचंही लक्ष घड्याळाकडे. आमच्या जहाजाने आम्हाला सकाळी नऊला कोचीत सोडलं, ते "पाचच्या आत परत या" असा दम भरूनच. हातात आठ तास आणि गावाचा लिखापढीचा इतिहास पाचशे वर्षांचा. मी हिशेब केला, तासाला साडेबासष्ट वर्षं पडत होती.

सुरुवात सोपी होती. ज्या विलिंग्डन बेटावर आपण उतरतो ते फार जुनं नाही. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पडलेला असे आणि मोठी जहाजं बाहेरच खोळंबत. रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज इंजिनिअर १९२० साली इथे आला, त्याने तो दांडा कापून काढला आणि उपसलेल्या गाळातून हे बेट उभं राहिलं. सौ. म्हणाली, "आपल्याकडेही गाळ उपसतात. पण तो गटाराच्या काठावरच ठेवून जातात!"

बोटीने फोर्ट कोचीला गेलो. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला पुरलं होतं. गामा १५२४ साली तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला तो व्हाइसरॉय म्हणून. इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी खाल्लेले पैसे खणून काढायचे, हे त्याचं काम. थोडक्यात, हेड ऑफिसचा इन्स्पेक्टर! सप्टेंबरात तो आपल्या चौलला लागला आणि २४ डिसेंबरला कोचीत वारला. तपासणी अर्धीच राहिली. अधिकाऱ्यांना किती दुःख झालं असेल, हे कुठल्याही ब्रँचमधला माणूस सांगेल. बरं, मेल्यावरही बिचाऱ्याची बदली चुकली नाही. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला हलवले.

ते चर्चही तसंच. पोर्तुगीज गेले, १६६३ साली डच आले. १७९५ साली इंग्रज आले. दर वेळी पंथ बदलला, भिंती त्याच राहिल्या. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा पाटी बदलली पण काउंटर तेच राहिलं, असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात, त्यातलाच प्रकार. पोर्तुगीजांचा किल्ला १५०३ चा. म्हणजे त्यांची १६० वर्षं, डचांची १३२, इंग्रजांची १५२. तिघांचीही खाती आता बंद आहेत.

दुपारी मट्टांचेरीला गेलो. राजवाड्याला लागूनच ज्यूंचं सिनेगॉग आहे, १५६८ सालचं. जागा कोचीच्या राजानेच दिलेली. आसऱ्याला आलेल्यांना स्वतःच्या भिंतीशी जागा देणारा घरमालक आज मुंबईत शोधून दाखवावा! १९४८ नंतर यातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. पण कोणी हाकललं म्हणून नव्हे. आपल्या मर्जीने गेले. जगातल्या किती गावांना ज्यूंच्या बाबतीत असं म्हणता येईल?

पुढे मसाल्याच्या एका दुकानात शिरलो, तर दुकानदार कोकणी बोलणारा निघाला! त्याचे पूर्वज सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्याहून इथे आले. त्याची कोकणी आम्हाला अर्धी कळली, आमचं मराठी त्याला पाऊण.

"मग गोव्याला परत जावंसं नाही वाटलं?" मी विचारलं.

"कशाला? आम्ही इथे मालक व्हायला आलो नव्हतो. राहायला आलो होतो," तो मिरी तोलत म्हणाला.

सकाळपासून मी राज्यकर्त्यांची वर्षं मोजत होतो, ती बेरीज याने एका वाक्यात खोडून टाकली. किल्ले बांधणारे गेले, दुकान मांडणारा अजून तराजू धरून उभा होता.

सौ.ने पाव किलो मिरी घेतली आणि घासाघीस सुरू केली. भाव एक रुपयानेही उतरला नाही. ज्या बाजाराने पोर्तुगीज, डच आणि इंग्रज अशी तीन गिऱ्हाइकं पचवली, त्याच्यापुढे डोंबिवलीच्या भाजीबाजारातला वीस वर्षांचा अनुभव कसा पुरणार?