किसान लाँग मार्च (२०१८)

नाशिक ते मुंबई असा सुमारे १८० किमी.चा पायी मोर्चा (६–१२ मार्च २०१८). अखिल भारतीय किसान सभेच्या लाल झेंड्याखाली निघालेल्या या मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. कर्जमाफीइतकीच त्यांना निकड होती ती वनहक्क कायद्यानुसार (२००६) कसत्या जमिनीची. मोर्चा म्हटला की कपाळाला आठ्या घालणाऱ्या मुंबईचा सूर या वेळी पालटला. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण नको म्हणून मोर्चेकरी शीवच्या सोमय्या मैदानातून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. सोललेल्या तळपायांची छायाचित्रे घरोघर पोचली; लोकांनी पाणी, खाणे, चपला पुरवल्या. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारांना यात शहरी माओवाद दिसला. सरकारने लेखी आश्वासन दिले. ते पुरते पाळले नाही, या तक्रारीवरून फेब्रुवारी २०१९ मध्ये नाशिकहून पुन्हा मोर्चा निघाला.