रुळांची झाली वाट

रेल्वे बंद पडली की तिच्या जमिनीचे काय होते? बहुधा तुकडे. शिकागोच्या पश्चिमेला विजेवर चालणारी एक रेल्वे होती. १९५७ साली तिची प्रवासी वाहतूक थांबली, १९५९मध्ये मालगाड्याही. मग मे वॉट्स या निसर्ग-अभ्यासक बाईंनी सप्टेंबर १९६३मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहिले : बुलडोझर येण्याआधी या पट्ट्यावर लोकांसाठी पायवाट करा. वाचकांच्या पत्रांचे पुढे काय होते ते आपण जाणतोच! या पत्राभोवती मात्र माणसे जमली. १९६६मध्ये काउंटीने जमीन भाडेपट्ट्याने दिली. स्वयंसेवकांनी वर्गणी काढून ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ उभा केला. चालणारे आणि सायकलवाले, दोघांसाठी.

पण प्रत्येक गावाला मे वॉट्स कुठून मिळणार? १९८३च्या कायद्याने तोड काढली. पट्टा वाटेसाठी द्यायचा, पण पुढेमागे रूळ पुन्हा टाकण्याचा हक्क राखायचा. म्हणजे रेल्वे मेली नाही, झोपली आहे. कवीला सुचावी अशी ही कल्पना कायदेपंडितांना सुचली! रेल्वे गेली की जमीन आपल्याकडे परत येईल, अशी आशा असलेले जमीनमालक चिडले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. भरपाई मागण्याचा मार्गही मोकळा ठेवला.

पैसा आला तो १९९१च्या वाहतूक कायद्याने. इंधनकरावर पोसलेल्या महामार्ग निधीचा काही वाटा अशा वाटांना मिळू लागला. मोटारवाल्याच्या करातून पायी चालणाऱ्याची वाट! खर्चाचे साधारण ८० टक्के केंद्राचे. उरलेले २० स्थानिकांनी उभे करायचे.