शिरेतील गुठळीचा शोध

हैदराबादचे काचीगुडा स्थानक १९१६ साली उभे राहिले आणि मनमाडकडून येणाऱ्या गाडीने मराठवाड्यातील कित्येक पिढ्यांना तेथे उतरविले. रात्रभर एका जागी बसलेल्या प्रवाशाचे पाय सुजतात. बहुधा ती सूज हिंडताफिरता ओसरते. क्वचित मात्र पायाच्या खोल शिरेत रक्त गोठते, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर प्राणावर बेतते.

१९४० साली लंडनवर बॉम्बवर्षाव होत असता, आश्रयस्थानांत खुर्च्यांवर रात्री काढणाऱ्यांत असे मृत्यू घडल्याचे कीथ सिम्पसन यांनी नोंदविले. गुठळीच्या या प्रवासाचे कोडे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच उलगडले होते. प्रश्न होता तो जिवंत रुग्णात ती ओळखण्याचा. पाऊल वर वळवून पोटरी दुखते का, हे पाहण्याची खूण फसवी ठरे. शिरेत द्रव्य टोचून क्ष-किरणचित्र घेणे खात्रीचे. पण त्यासाठी अत्यवस्थ रुग्णाला हलवावे लागे.

१९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी श्रवणातीत ध्वनीने पोटातील गाठी व गर्भ यांची चित्रे प्रसिद्ध केली. पुढे हेच तंत्र शिरांकडे वळले. त्यातील युक्ती अगदी साधी आहे. उपकरण हलकेच दाबले की निरोगी शीर मिटते. आत गुठळी असेल तर मिटत नाही. १९८९ साली लेन्सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जांघेत आणि गुडघ्यामागे केलेल्या अशा परीक्षेची विश्वसनीयता दाखवून दिली. पोटरीतील लहान गुठळी मात्र या परीक्षेतून निसटू शकते. म्हणून शंका उरल्यास काही दिवसांनी पुन्हा पाहावे लागते.

ज्या यंत्राने गुठळी दिसते, त्यानेच गर्भाचे लिंगही कळते. त्या दुरुपयोगाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला कायदा केला. १९९४ साली संसदेचा कायदा झाला. सुवाह्य यंत्र नोंदणीच्या जागेतच, तेथील दाखल रुग्णांसाठी, किंवा फिरत्या वैद्यकीय पथकात वापरावे, असा नियम २०१२ साली आला. म्हणजे हैदराबाद असो वा नांदेड, यंत्र रुग्णालयाबाहेर मोकाट फिरू शकत नाही; आत मात्र खाटेपर्यंत जाऊ शकते. जन्माला येणाऱ्या मुलीचे रक्षण आणि धाप लागलेल्या रुग्णाचे निदान यांत विरोध नाही. नोंदवही चोख असावी आणि यंत्र खाटेजवळ वेळेवर पोहोचावे. या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णालयाने सांभाळावयाच्या आहेत.